मधली फळी

“नलू, उंदीर आला गं!”

माईंनी ओसरीवरून हाक मारली तेव्हा मी विहिरीवरून घागर घेऊन येत होते. दुसऱ्या एखाद्या घरात या हाकेसरशी बायका पाटावर चढल्या असत्या. आमच्या घरी मात्र “पोस्टमन आला” म्हणावं तसं “उंदीर आला” म्हणत. दारात शेजारच्या दामलेकाकू सापळा घेऊन उभ्या होत्या.

“मास्तरांना म्हणावं, चांगला मोठा आहे,” त्या म्हणाल्या. “आणि सापळा लगेच द्या हो परत. अजून दोघंतिघं आहेत आमच्याकडे.”

या गोष्टीला आता साठ वर्षं होत आली. पेणच्या खोपकरांच्या घरी सून म्हणून येऊन मला तेव्हा आठ महिने झाले होते. माझे सासरे, अप्पा, शाळेत शास्त्र शिकवून निवृत्त झालेले. गावात त्यांना कुणी खोपकरमास्तर म्हणत नसे, सापमास्तर म्हणत. त्या काळी साप पाळायला कायद्याची आडकाठी नव्हती, आडकाठी होती ती फक्त बायकोची. माईंनी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी सांगून टाकलं होतं, “तुमची जनावरं मागच्या पडवीत. ती तिथं असेपर्यंत मी त्या पडवीत पाऊल टाकायची नाही.” आणि बत्तीस वर्षं त्यांनी खरोखरच टाकलं नव्हतं. वाळवणसुद्धा पुढच्या अंगणात घालत.

माझे वडील जंगल खात्यात होते, त्यामुळे मला सापांची भीती तशी नव्हती. अप्पांना हे कळलं तेव्हा त्यांचा चेहरा असा फुलला, की लग्नात मानपान झाला तेव्हाही तेवढा फुलला नव्हता. दुसऱ्या महिन्यापासून पडवीचा कारभार माझ्याकडे आला.

पडवीत चार पेट्या होत्या. तीन लहान आणि एक लांबलचक, समोरून काच लावलेली. त्या लांब पेटीत दोन धामणी होत्या. मोठी सात फुटांची, तिचं नाव हेडमास्तर. धाकटी जेमतेम साडेतीन फुटांची, पण सारखी डोकं वर काढून पाहणारी, म्हणून तिचं नाव वर्गातला मॉनिटर. दोन्ही बिनविषारी, दोन्ही माणसाळलेल्या. पेटीच्या बरोबर मध्ये एक फळी होती. झाकणाला फट ठेवलेली होती, तिच्यातून ती वरून खाली सरकवायची, की एका पेटीच्या दोन खोल्या होत. हवेसाठी तिला बारीक भोकं पाडली होती आणि वरच्या कडेला अप्पांनी ऑइलपेंटनं, फळ्यावर लिहीत तशा अक्षरात लिहिलं होतं : ‘ही फळी काढू नये.’

“का काढू नये?” मी पहिल्या दिवशी विचारलं होतं.

“एका वर्षी मी दोन साप एका पेटीत ठेवले होते,” अप्पा म्हणाले. “सकाळी उठून बघतो तर एकच होता. कुलूप जसंच्या तसं.”

“मग दुसरा?”

“दुसरा आतच होता. पण पहिल्याच्या आत.”

असे अप्पा. आणि हेच अप्पा माणसांच्या बाबतीत मात्र अगदी उलटे. घरात आम्ही नऊ माणसं. अप्पा, माई, थोरले भाऊजी, जाऊबाई सुधाताई, त्यांची तीन मुलं, मी, आणि रजेवर आले तर आमचे हे. एक चूल, एक पंगत. जेवायला सगळ्यांनी एकाच वेळी बसायचं, आलेलं पत्र सगळ्यांदेखत वाचायचं. माझ्या नावाचं पत्रसुद्धा!

आमचे हे राहुरीकडे धरणाच्या कामावर ओव्हरसिअर होते. आठ महिन्यांत मला त्यांच्या सहवासाचे एकोणीस दिवस मिळाले होते. मी ते मोजले होते, कारण मोजायला सोपे होते. आणि परवाच त्यांचं पत्र आलं होतं. क्वार्टर मिळाली, दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, दारात लिंबाचं झाड. मात्र पंचवीस तारखेच्या आत कुटुंबासह राहायला आलं पाहिजे, नाही तर ती दुसऱ्याला जाईल.

अप्पांनी ते पत्र भातावर वरण घेता घेता मोठ्यानं वाचलं. घडी घातली. पाटाखाली ठेवलं.

“मेसमध्ये जेवतो ना तो?” ते म्हणाले. “मग झालं. एका घराच्या दोन चुली माझ्या डोळ्यांदेखत होणार नाहीत. आज दोन चुली, उद्या दोन उंबरे, परवा दोन तोंडं दोन दिशांना.”

मी ताटातल्या भाताचे डोंगर करत राहिले. माई वाढत होत्या. त्या थांबल्या, अप्पांकडे पाहिलं, आणि त्यांच्या पानात आणखी भात वाढला.

नंतर मोरीत भांडी घासताना मला रडू आलं. सुधाताई शेजारी होत्या. त्यांचं माझं फारसं सख्य नव्हतं. एका स्वयंपाकघरात दोघी, म्हणजे तिखटाचा डबा तुम्ही कुठं ठेवला आणि मी कुठं, यावरूनच सकाळ सुरू व्हायची. पण त्या दिवशी त्या हळूच म्हणाल्या, “तू गेलीस तर मला हायसं वाटेल हो. रागावू नकोस. तुलाही वाटेल.”

“रागावत नाही,” मी म्हटलं. “पण अप्पांना सांगणार कोण?”

“ते मात्र ब्रह्मदेवालाही जमायचं नाही,” ताई म्हणाल्या.

तर असा तो उंदीर आला.

अप्पांची रीत अशी, की उंदीर जिवंत कधी द्यायचा नाही. जिवंत उंदीर सापाला चावतो. तो बादलीत बुडवून मारायचा, मग लांब चिमट्यात धरून पेटीत सोडायचा. त्याही आधी पेटीवरचं गोणपाट काढून काचेतून आत नीट पाहायचं. हा नियम नंबर एक.

मी सापळा घेऊन पडवीकडे निघाले तेव्हा माई अप्पांना म्हणाल्या, “अहो, आज तुम्हीही जा तिच्याबरोबर.”

“का? तिला येतं सगळं.”

“पोरीचं चित्त नाही ठिकाणावर. जा म्हणते ना.”

अप्पा वर्तमानपत्र घेऊन पडवीच्या पायरीवर बसले. मी उंदराचं काम उरकलं. चिमटा घेतला. आणि माईंनी म्हटलं तसंच झालं, चित्त ठिकाणावर नव्हतंच. डोक्यात लिंबाचं झाड होतं. मी गोणपाट पूर्ण काढलं नाही, उजवीकडचा नुसता कोपरा वर केला, झाकणाची उजवी खिडकी उघडली आणि उंदीर आत सोडला.

हेडमास्तरनं झडप घालून त्याचं डोकं धरलं. मी खिडकी लावायला गेले, तर आतून दुसरी हालचाल दिसली. डावीकडून. डावीकडून काही यायचं कारणच नव्हतं.

मी गोणपाट ओढून काढलं. झाकणाची फट रिकामी होती. फळी नव्हती. आणि मॉनिटरनं उंदराची मागची बाजू घट्ट धरली होती.

“अप्पा!”

त्यांनी एकदाच पाहिलं आणि वर्तमानपत्र अंगणात उडालं.

“झाकण काढ! सगळं काढ!”

पुढचं सगळं दोन-तीन मिनिटांत झालं असेल, पण मला ते अजूनही घटकाभराएवढं वाटतं. साप एकदा गिळायला लागला की त्याला थांबता येत नाही. दोन्ही जबडे पुढं सरकत होते, हेडमास्तरचा भराभर, मॉनिटरचा हट्टानं. मधला उंदीर कमी कमी होत होता. तो संपला, की हेडमास्तरच्या तोंडापुढं मॉनिटरचं डोकं येणार होतं, आणि हेडमास्तरला ते उंदराचंच पुढचं टोक वाटणार होतं.

“तू मॉनिटरला धर, मानेमागे. ओढू नकोस! दात आत वळलेले असतात, ओढलंस की आणखी रुततात.”

“मग करू काय?”

“धरून ठेव!” अप्पांनी हेडमास्तरला धरलं होतं. सात फुटांच्या त्या जनावरानं त्यांच्या दंडाला दोन वेढे घातले. त्यांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. “सुधा! कात्री आण! कात्री!”

सुधाताई माजघराच्या दारापर्यंत आल्या, पडवीतलं दृश्य पाहिलं आणि “अगं बाई!” म्हणून परत फिरल्या. आत काहीतरी धाडकन पडल्याचा आवाज आला. मुलं कात्री शोधायला धावली आणि कात्री कुणी शेवटची घेतली यावरून तिथंच भांडू लागली.

“तीन बोटं उरलीत,” अप्पा म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं. “मॉनिटर जाणार, नलू. माझ्या हातात जाणार.”

“हे घ्या.”

मी मान वळवली. पडवीत, पेटीपासून दोन हातांवर, माई उभ्या होत्या. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा. हातात त्यांचा पितळी अडकित्ता.

“माझे हात मोकळे नाहीत,” अप्पा म्हणाले.

“दिसतंय.”

माई पुढं आल्या, वाकल्या, डोळे मिटले नाहीत की देवाचं नाव घेतलं नाही. सुपारी ठेवावी तसा तो उरलेला उंदीर त्यांनी अडकित्त्याच्या पात्यात घेतला आणि दाबला. करकन आवाज झाला. दोन साप दोन दिशांना सुटले. प्रत्येकाच्या तोंडात आपापला अर्धा उंदीर, आणि दोघांच्याही चेहऱ्यावर काही झाल्याची खूण नाही.

“अभ्रा आण गं एखादा!” अप्पा ओरडले.

मुलांनी कात्रीऐवजी हाताला लागला तो उशीचा अभ्रा आणला होता. तो सुधाताईंनी स्वतः भरलेला होता, दोन पोपट आणि खाली ‘शुभ रात्री’. त्यात मॉनिटरला घातलं, वर गाठ मारली आणि आम्ही तिघं पडवीत खालीच बसलो. माझ्या अंगठ्यातून रक्त येत होतं, तेव्हा कळलं की आपला अर्धा उंदीर गिळून झाल्यावर मॉनिटर जाता जाता मला चावला होता. मला हसू यायला लागलं. ते थांबेचना.

अप्पा मात्र हसले नाहीत. भीती ओसरली की माणसाला राग येतो, तसा त्यांना आला.

“फळी कुठं आहे?”

आम्ही शोधली. पेटीखाली, पेटीमागे, सरपणात, विहिरीशी. फळी कुठंच नव्हती.

“तुम्ही बॅट केलीत तिची!” अप्पांनी मुलांना धरलं.

“देवाशपथ नाही, आजोबा! आमची बॅट धोपटण्याची आहे!” तिघांनी एका आवाजात सांगितलं, आणि त्यामुळे माईंचं कपडे धुवायचं धोपटणं कुठं जातं त्याचा मात्र शोध लागला.

“माझ्याकडूनच राहिली असेल,” मी म्हटलं. “काल पेटी धुतली ती मीच. आज गोणपाटही काढलं नाही.” खरं तर फळी खाली सरकवल्याचं मला स्पष्ट आठवत होतं. वरची अक्षरं सरळ आली की नाही तेही मी पाहिलं होतं. पण मुलांचे चेहरे बघवत नव्हते.

आणि मग अप्पांनी वर्ग घेतला. पडवीत उभं राहून, मळलेल्या धोतरानं, चष्मा हातात घेऊन. “लाख वेळा सांगितलं, एका पेटीत दोन ठेवायचे नाहीत! काय वाईट आहे या दोघांत? गरीब जनावरं! एकमेकांशी वैर आहे? नाही! कुणाचा स्वभाव खोटा आहे? नाही! पण जागा एक आणि घास एक, की तिथं चांगुलपणा काय कामाचा? एक दुसऱ्याला गिळतो, आणि गिळणाऱ्यालाही कळत नाही आपण काय केलं! वेगळं ठेवणं म्हणजे तोडणं नव्हे. वेगळं ठेवलं तर दोघंही जगतात, धष्टपुष्ट होतात, भोकांतून एकमेकांकडे बघतात! हे समजायला काय शास्त्र शिकावं लागतं?”

माई पदरानं अडकित्ता पुसत होत्या.

“अहो,” त्या म्हणाल्या, “हे जरा जेवताना परत सांगाल का? मला सगळं नीट ऐकू नाही आलं.”

अप्पा अंगणात पडलेलं वर्तमानपत्र गोळा करायला गेले.

दुपारी पंगत बसली. सकाळच्या धावपळीनं स्वयंपाकाला उशीर झाला होता. मी अंगठ्याला हळद लावून मुलांच्या शेजारी बसले. अप्पांनी आमटीभात कालवला, पहिला घास घेतला आणि थांबले. थोरल्या भाऊजींनी घेतला आणि तांब्या उचलला. मुलांपैकी एकानं सरळ “ई” केलं.

आमटी मिठाचा खडा झाली होती.

“मीठ कुणी घातलं?” अप्पांनी विचारलं.

“मी घातलं,” सुधाताई घाबरून म्हणाल्या. “पण बेतानं हो, नेहमीसारखं.”

“मग नलूनंही घातलं असणार,” माई वाढता वाढता म्हणाल्या. “दोघींनी घातलं. चालायचंच. पोरी दोन्ही गुणाच्या आहेत. एकीचं दुसरीशी वैर नाही, कुणाचा स्वभाव खोटा नाही. पातेलं एक, एवढंच.”

मी तोंड उघडलं. सकाळपासून मी विहिरीवर आणि पडवीत होते, स्वयंपाकघराचा उंबरासुद्धा ओलांडला नव्हता. तेवढ्यात माईंनी माझ्याकडे पाहिलं. आठ महिन्यांत त्यांनी माझ्याकडे असं कधी पाहिलं नव्हतं. मी तोंडात भात घातला आणि ते बंद केलं.

अप्पांनी ती आमटी घेतली. पुन्हा भात मागितला, पुन्हा आमटी मागितली, आणि पानातली सगळी संपवली. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते कशाचं कोण जाणे. मिठानंही येतं. मुलं आ वासून बघत होती.

मग त्यांनी पाटाखालून परवाचं पत्र काढलं, उलगडलं, पुन्हा वाचलं. या वेळी मनातल्या मनात.

“लिंबाचं झाड आहे म्हणे दारात,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हटलं.

“लिंबावर हरणटोळ असतो. हिरवा, चाबकासारखा. सौम्य असतो, पण डोळ्याशी चेहरा नेऊ नकोस त्याच्या.” त्यांनी आपोष्णी घेतली. “पनवेलहून पुण्याची गाडी सकाळी मिळेल. पुण्याला नगरची. वीस तारखेला जा, म्हणजे घाई व्हायची नाही.”

सुधाताईंच्या हातातला डाव आमटीत पडला.

पुढचे पाच दिवस कसे गेले मला आठवत नाही. एवढं आठवतं, की सुधाताईंनी मला तिखटाचा अख्खा डबा बांधून दिला आणि म्हणाल्या, “आता हवा तिथं ठेव!” आणि आम्ही दोघी गळ्यात पडून रडलो. त्या दिवसापासून ते त्या जाईपर्यंत आम्ही बहिणींसारख्या राहिलो, वर्षातून दोन महिने एकत्र आणि दहा महिने पत्रानं.

अडकित्ता माईंनी राखेनं तीनदा घासला आणि तरी नाक मुरडून पडवीत ठेवून दिला. अप्पांनी त्यांना बाजारातून नवा आणून दिला, मोराच्या आकाराचा. तो त्यांना आमच्या लग्नाच्या आधीपासून हवा होता, असं ताई म्हणाल्या.

माझी ट्रंक माईंनी स्वतः भरली. मला हात लावू दिला नाही. “उघडायची ती तिथं गेल्यावर,” म्हणाल्या. निघताना मी वाकले तर पाठीवर हात ठेवला, एवढंच. अप्पा स्टँडवर आले होते. गाडी सुटताना त्यांनी खिडकीशी येऊन सांगितलं, “फळी सापडली की कळवीन.”

पुण्याला आमचे हे घ्यायला आले होते. राहुरीला पोचलो. लिंबाचं झाड पत्रात होतं त्याहून लहान निघालं, पण होतं. आमचे हे स्टोव्ह पेटवायच्या खटपटीत होते, मी ट्रंक उघडली. वर लुगडी, त्याखाली पापड, कुरडया, त्याखाली सुपारीची पुडी. आणि अगदी तळाशी, जुन्या पातळात गुंडाळलेलं काहीतरी सपाट, टणक. वाटलं, पोळपाट दिला असेल.

पातळ सोडलं. बारीक बारीक भोकं. आणि वरच्या कडेला फळ्यावरच्यासारखं अक्षर : ‘ही फळी काढू नये.’

“हे काय आणलंस?” ह्यांनी विचारलं.

“माईंचा आहेर,” मी म्हटलं, आणि खाली बसून हसत सुटले. पडवीत हसले होते तशीच.

ती आम्ही भिंतीला ठोकली आणि तिच्यावर डबे मांडले. आमच्या त्या पहिल्या स्वयंपाकघरातली पहिली फडताळाची फळी ती. अजून आहे.

पंधरा दिवसांनी अप्पांचं पोस्टकार्ड आलं. नेहमीचं वळणदार अक्षर : ‘फळीचा तपास लागला नाही. सुताराकडून नवी करून घेतली. हेडमास्तर व मॉनिटर आपापल्या ठिकाणी खुशाल आहेत, दोघांनीही कात टाकली. चि. सौ. नलूने मन लावून घेऊ नये, चूक प्रत्येकाकडून होते.’

आणि त्याखाली, उरलेल्या बोटभर जागेत, माईंचं वाकडंतिकडं अक्षर. त्यांनी मला आयुष्यात लिहिलेली ती पहिली ओळ.

‘आमटीत मीठ एकदाच घालावे.’